शर्वीची सावली

जिल्ह्याहून शाळा मोजायला आलेल्या बिराजदार मॅडमनी निकाल पडद्यावर टाकला, तेव्हा शाळेच्या खोलीत पंखा सोडून कशाचाच आवाज नव्हता.

आमची डोणेवाडीची जिल्हा परिषद शाळा. वर्ग सात, शिक्षक दोन. आम्ही पालक पोरांच्या बाकांवर गुडघे मोडून बसलो होतो. निकाल विरुद्ध गेला असता तर जूनपासून ही शाळा उन्नयन प्रतिष्ठानाकडे जाणार होती. शेजारच्या हिरजगावची शाळा अशीच त्यांच्याकडे गेली होती. इमारत सरकारची, पैसा सरकारचा, शिक्षक आणि शिकवायची पद्धत मात्र प्रतिष्ठानाची. लोक तिला करारशाळा म्हणत.

"डोणेवाडी पुढे आहे," मॅडम म्हणाल्या. "फार नाही. पण पुढे आहे."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. शेवंताबाई वडार माझ्या पुढच्या बाकावर होत्या. त्यांनी दोन्ही हात जोडून पडद्यालाच नमस्कार केला. मुख्याध्यापक गुरव सर चष्मा काढून उगाच पुसत राहिले.

मग मॅडमनी एकेका पालकाला बाजूच्या खोलीत बोलावलं. शाळेचा निकाल सगळ्यांना दाखवायचा, पण मुलाची सावली फक्त त्याच्या आईबापाला, असा नियम होता.

सावली म्हणजे काय ते मॅडमनी आम्हाला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मी जळालेल्या पाण्याच्या मोटारी नव्या तारेनं भरून देणारा माणूस. मला समजलं तसं सांगतो.

दोन शाळांची तुलना नुसत्या मार्कांवरून होत नाही. हिरजगावचे मार्क कायम जास्त असायचे. पण तिथे पोर घालायला आईबापाला अर्ज करावा लागतो, मुलाखतीला जावं लागतं, येण्याजाण्याची सोय बघावी लागते. एवढं करणारे आईबाप घरीही अभ्यास घेतात. आमच्या शाळेत येईल त्याला घेतात. मग ते मार्क शाळेचे की घरचे? खरी तुलना करायची तर तेच पोर, त्याच वर्षी, दोन्ही शाळांत बसवायला पाहिजे. ते कुणाला जमणार?

सावलीनं ते जमवलं. सरकारनं प्रत्येक मुलाला एक काचेची पाटी दिली. मूल त्या पाटीवर जे करतं ते सगळं ती टिपून ठेवते. नुसतं उत्तर नाही. कुठे थांबलं, काय खोडलं, काल आलेलं आज कसं विसरलं, कोणती चूक परत परत केली. त्यावरून संगणक त्या मुलाची नक्कल तयार करतो. ती नक्कल त्या मुलासारखीच शिकते आणि त्याच्यासारखीच चुकते. तिलाच सावली म्हणायचं. मग ही सावली दुसऱ्या शाळेच्या वर्षभराच्या तासांतून फिरवायची. तिथले तासही सगळे टिपलेले असतात. एकदा नाही, हजारो वेळा फिरवायची. शेवटी खरं मूल इथे कुठवर आलं आणि त्याची सावली तिथे कुठवर गेली, ते शेजारी शेजारी ठेवायचं. मधलं अंतर शाळेचं.

माझा नंबर आला. पडद्यावर दोन रेघा होत्या. लाल रेघ शर्वीची, निळी तिच्या सावलीची. शर्वी सहावीत आहे. निळी रेघ सातवी ओलांडून गेली होती. लाल मात्र मधेच आडवी झाली होती.

"एवढा फरक?" मी विचारलं.

"साळेभाऊ, शाळेची सरासरी वेगळी आणि एक मूल वेगळं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आहात. निकाल मान्य असल्याची सही मला शनिवारपर्यंत लागेल. एकदा सही झाली की पाच वर्षं शाळेला कुणी हात लावणार नाही."

मी घरी आलो. शर्वी पायरीवर बसली होती. मी चपला काढल्या. तिनं माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली.

संध्याकाळी सुहास आला. सुहास माझा मेहुणा, माझी बायको वैजयंता हिचा धाकटा भाऊ. राहतो हिरजगावात. गाडी उभी करायच्या आतच त्यानं सुरू केलं.

"दाजी, सावली वाईट आली म्हणं."

"तुला कुणी सांगितलं?"

"शर्वीनं फोन केलता."

मी आत बघून ओरडलो, "शर्वे, तुला कसं कळलं गं?"

"तुमच्या तोंडावरनं," आतून आवाज आला.

सुहास खाटेवर बसला. "आता तरी ऐका. पोरीला माझ्याकडं द्या. आमच्या साहिलबरोबर जाईल, येईल. तुमच्या शाळेत मास्तर दोन. एका वर्गावर गेला की बाकीची पोरं वाऱ्यावर."

"तुझ्या साहिलला नाक पुसायला शिकवलं का अजून तिकडं?"

"चेष्टा नगा करू. साहिल पास व्हायचा न्हाय असा पोरगा, तो आता पाढे म्हणतोय झोपंत."

"आज निकाल आमच्या बाजूनं लागलाय, सुहास. मी अध्यक्ष. माझीच पोर काढून तुमच्याकडं पाठवली तर गाव काय म्हणंल?"

"गावाचं काय घिऊन बसलाय? ताई असती तर..."

"तिचं नाव मधी आणू नगंस."

"का नगं? माझी बहीण हुती ती."

वैजयंताचं डी.एड. झालेलं. भरती निघायची वाट बघण्यात तिची वर्षं गेली. नोकरी काही लागली नाही. मग तिनं सगळं शिकवणं शर्वीवर ओतलं. मी दुकान बंद करून यायचो तेव्हा दोघींचा अभ्यास चाललेला असायचा, आणि मला चहा स्वतः करून घ्यावा लागायचा. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी ती गेली. ताप मेंदूत गेला असं डॉक्टर म्हणाले. आता मी घरी आलो की चहा स्वतःच करतो, आणि घरात आवाज नसतो.

सुहास न जेवताच गेला.

दुसऱ्या दिवशी दुकानात असताना बिराजदार मॅडमचा फोन आला.

"साळेभाऊ, तुमच्या शाळेचे आकडे मी परत बघितले. एक गोष्ट खटकते. तुमच्याकडची हुशार मुलं सगळी सावलीच्या मागे आहेत. आणि कच्ची मुलं सगळी सावलीच्या पुढे. एखाददुसरं नाही, सगळी. असं मी दुसऱ्या कुठल्या शाळेत पाहिलेलं नाही. शाळेत काही वेगळं चालतं का?"

"बघून सांगतो," मी म्हणालो.

मी शाळेत गेलो तेव्हा गुरव सर फळ्याकडे तोंड करून चौथीला भागाकार शिकवत होते. दुसऱ्या बाई पहिली-दुसरीला घेऊन झाडाखाली बसल्या होत्या. सहावी कोपऱ्यात होती. शर्वीची पाटी तिच्या जागेवर पालथी पडली होती. ती स्वतः तेजूच्या शेजारी गुडघ्यांवर बसली होती. तेजू म्हणजे शेवंताबाईंची मुलगी. वीटभट्टीच्या हंगामात तिची शाळा बुडते, म्हणून ती मागे.

"हातचा कुठं गेला?" शर्वी विचारत होती. "पळून गेला?"

"तूच ढकललास त्याला," तेजू म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मग शर्वीनं तेजूच्या पाटीवरचं खोडलं आणि बोटानं गणित स्वतः मांडलं. पुढचं तेजूनं केलं. त्याच्या पुढचं परत शर्वीनं.

हे मला नवीन नव्हतं. गावात कुणालाच नवीन नव्हतं. आमच्या शाळेत याला जोडी म्हणतात. दोन मास्तरांना सात वर्ग जमत नाहीत, म्हणून ज्याला आलं त्यानं न आलेल्याजवळ जाऊन बसायचं. गुरव सरांच्या आधीपासून चालत आलेलं. मी स्वतः असाच शिकलोय. पण पाटी आल्यावर याचं काय होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पाटी सकाळी अंगठा बघते आणि दिवसभर धरून चालते की समोर तेच पोर आहे.

शाळा सुटल्यावर मी सरांना सांगितलं. "शर्वीचा हात तेजूच्या पाटीत गेलाय. मशीन म्हणतं, तेजू हुशार झाली. आणि शर्वीची पाटी पालथी पडून राहते, म्हणून मशीन म्हणतं, या पोरीला इथे काम नाही."

सर खुर्चीवर बसले. "हे मला सुचायला पाहिजे होतं."

"आपण खोटं केलं का, सर?"

"खोटं कुणी केलं? पोरं शिकवत होती." त्यांनी हजेरी मिटली. "पण तेजूला किती येतं आणि शर्वीला किती, हे आता मलाही सांगता येणार नाही. ते खरं."

"मग सही करू का नको?"

"मी करा म्हणणार नाही. नको असंही म्हणणार नाही."

"म्हणजे माझ्या गळ्यात."

"अध्यक्ष तुम्ही आहात, दिगंबरराव."

गप्प बसलो असतो तर शाळा पाच वर्षं सुरक्षित होती. गावानं मला खांद्यावर घेतलं असतं. सांगितलं असतं तर सगळं परत मोजलं जाणार होतं, आणि त्यात शाळा गेली तर ती माझ्यामुळे गेली असं झालं असतं. पण निकालाच्या दिवशी मिळालेला तेजूचा कागद शेवंताबाईंनी आनंदानं मला दाखवला होता, त्यावर तेजूचं गणित पक्कं आहे असं लिहिलं होतं. त्याच्या भरवशावर तिला उद्या सातवीचं गणित देणार. आणि तिथे शर्वी शेजारी नसली तर?

मी मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. चिडल्या नव्हत्या. लॅपटॉप उघडून त्यांनी शर्वीची रेघ परत दाखवली.

"पाटी पालथी पडते एवढ्यानं हे होत नाही," त्या म्हणाल्या. "हे बघा. दिवाळीपर्यंत रेघ वर चढते आहे. जोडी तेव्हाही होती. नंतर एकदम आडवी. शाळेत तेव्हा काही बदललं का?"

"शाळेत नाही."

"मग?"

"तिची आई गेली."

मॅडमनी हात कीबोर्डवरून काढला. "हे आम्हाला कुणी कळवलं नाही."

"कुठं कळवायचं असतं?"

"तशी जागाच नाही," त्या हळू म्हणाल्या. "सावली घर तसंच राहणार असं धरून चालते. तिच्या लेखी शर्वीला घरी शिकवणारं कुणीतरी अजून आहे. म्हणून ती तिकडे एवढी पुढे गेली."

म्हणजे त्या निळ्या रेघेत वैजयंता अजून जिवंत होती. मी लॅपटॉपवरून नजर हटवली आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

परत मोजायचं ठरलं. दीड महिना जोडी बंद. ज्याची पाटी त्यानंच धरायची. मॅडमनी शर्वीच्या सावलीतून घरची शिकवणी काढून टाकली.

तो दीड महिना मला अजून आठवतो. गुरव सर एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नुसते पळत होते. त्यांचा आवाज बसला. पोरं हात वर करून थांबायची आणि हात दुखला की खाली घ्यायची. तेजू तर पाटी पिशवीतून काढायची नाही. विचारलं तर म्हणायची, "चार्जिंग न्हाय." पाटी उन्हावर चालते हे तिलाही माहीत होतं.

आणि शर्वी सुटली. पाटी एक झालं की पुढचं देते. ती दिवसभर पाटीत डोकं घालून बसायची.

"पप्पा, आज दशांश अपूर्णांक संपले. मी सातवीचं उघडलं."

"सरांना विचारलंस?"

"सरांना वेळ कुठाय? पाटीलाच विचारलं."

किती महिन्यांनी ती जेवताना बोलत होती. भाकरी हातात तशीच ठेवून ती मला त्रिकोणाचं काहीतरी सांगत होती. मला कळत नव्हतं. मी मान हलवत होतो. मला बरं वाटत होतं आणि त्याचीच भीती वाटत होती, कारण त्याच वेळी तिकडे तेजूच्या घरात काय चाललं असेल ते मला ठाऊक होतं.

निकाल आला. हुशार पोरं वर गेली होती, कच्ची खाली आली होती. सरासरीतली थोडी आघाडी मिटली. हिरजगाव आणि डोणेवाडी, फरक नाही.

"फरक नसेल तर मशीन ठरवत नाही," मॅडम म्हणाल्या. "समितीनं मतदान करायचं. शाळा जिल्हा परिषदेकडे ठेवायची की प्रतिष्ठानाला द्यायची."

समितीची बैठक दुपारी होती, पण सगळं गाव आलं. दारात पोरं उभी होती. प्रतिष्ठानाचं म्हणणं मॅडमनीच वाचून दाखवलं. प्रत्येक वर्गाला वेगळा शिक्षक. प्रत्येक मूल आपल्या पाटीवर, आपल्या वेगानं. जोडी नाही.

गुरव सर उठले. त्यांचा आवाज अजून बसलेलाच होता. "शाळा आमच्याकडे राहिली तर जोडी परत सुरू करावी लागेल. आम्ही दोघं आहोत. त्याशिवाय चालवता येत नाही. हे आधीच सांगतो."

"शिक्षक वाढवून मागा की," भीमराव पाटील म्हणाले. ते समितीत होते.

"दर वर्षी मागतो, पाटील. तुम्हीच सही करता त्या अर्जावर."

लोक हसले. मग शेवंताबाई उभ्या राहिल्या. त्याही समितीत होत्या, पण आजवर बैठकीत कधी बोलल्या नव्हत्या.

"शाळा त्यांच्याकडं गेली तरी माझ्या तेजूला घेतील, मला म्हाईत हाय. पर तिच्याजवळ बसंल कोण? जोडी बंद झाली आन पोरगी खाली आली. कागद घरात हाय माझ्या. लपवायचं काय त्यात?"

भीमराव म्हणाले, "बाई, तुमच्या पोरीसाठी दुसऱ्याच्या पोरीनं किती दिवस बसायचं? हुशार पोरांनी काय पाप केलंय?"

"पाप न्हाय केलं. मी तरी कुठं म्हणती?" शेवंताबाई खाली बसल्या.

मतं घेतली. दोन्हीकडे सारखी पडली. अध्यक्षाचं मत राहिलं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी उठलो. "सावली दुसऱ्याला दाखवायची नसते. पण शेवंताबाईंनी सांगितलं, तर मीही सांगतो. जोडी बंद झाली आणि माझी शर्वी वर गेली. चांगलीच वर गेली. परत जोडी सुरू झाली तर तिचं नुकसान आहे. ते सोसायची माझी तयारी आहे."

"सोसायचं मला आहे, पप्पा."

आवाज दारातून आला. शर्वी दोन्ही हातांनी चौकट धरून उभी होती. गुरव सर म्हणाले, "शर्वी, मोठी माणसं बोलताहेत." पण शेवंताबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. "बोलू द्या तिला. तिचंच चाललंय न्हवं?"

"मी तेजूला शिकवते," शर्वी म्हणाली. "शिकवायला मला आवडतं. पण मला कोण शिकवतं? सर कधी येतच नाहीत आमच्या कोपऱ्यात. आई होती तोवर चालत होतं."

मी तिला विचारलं, "तुला तिकडं जायचंय? हिरजगावला?"

"हो."

"ही शाळा आहे तशी राहिली तरी?"

"शाळा राहू दे ना. तेजूला लागते. मला जायचंय."

मी हात वर केला आणि म्हणालो, "शाळा जिल्हा परिषदेकडं. जोडीसकट." मग खुर्ची मागे सारली. "आणि अध्यक्षाचं पोर याच शाळेत असावं लागतं. तेव्हा जूनपासून दुसरा अध्यक्ष बघा."

"वा रे वा!" भीमराव टाळी वाजवून म्हणाले. "शाळा आम्हाला, आन पोरगी तिकडं! झकास केलंत, अध्यक्ष."

भीमराव बोलले ते खरंच होतं. शेवंताबाई जाता जाता माझ्याजवळ थांबल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि निघून गेल्या.

मॅडम गाडीत बसत होत्या तेव्हा मी विचारलं, "शर्वी गेल्यावर तेजूची रेघ खाली आली, तर ते नुकसान कुठल्या शाळेच्या खात्यावर जाणार?"

"कुठल्याच नाही," त्या म्हणाल्या. "मशीन एका वेळी एकच मूल बघतं. दोन मुलांच्या मधलं त्याला दिसत नाही. तुमच्या शाळेमुळे मी तसं वरच्यांना लिहिलं आहे. त्याचं काय होईल ते सांगू शकत नाही." त्यांनी काच वर घेतली.

तेजू बरेच दिवस शर्वीशी बोलली नाही. शर्वी तिच्या दारावरून जायची, तेजू आत पळायची. गुरव सर एका संध्याकाळी दुकानात आले, म्हणाले, "दिगंबरराव, माझ्याकडून राहूनच गेली ती पोरगी." मी म्हणालो, "माझ्याकडूनही, सर." मी त्यांना चहा दिला. आम्ही दोघं मोटारी बघत बसलो.

जूनमध्ये सुहास गाडी घेऊन आला. साहिल मागे बसला होता. शर्वीनं नवी पिशवी पाठीला लावली. सुहास म्हणाला, "दाजी, एवढं तोंड पाडू नगा. परदेशी चाललीय काय?" मी म्हणालो, "गाडी सावकाश चालव." ती मागे न बघता गेली.

दिवसभर मी एकच मोटार उघडून बसलो होतो. तार कुठे तुटली ते सापडत नव्हतं. सापडली तेव्हा गिऱ्हाईक निघून गेलं होतं.

ती संध्याकाळी आली. हातपाय धुतले आणि ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली. मी चहा गाळत होतो.

"कसं आहे तिकडं?"

"छान आहे. गणिताच्या बाई वेगळ्या, विज्ञानाचे सर वेगळे. विचारलं की लगेच सांगतात. मी खूप विचारलं."

"बरं झालं."

"पण मला कुणी काही विचारलं नाही, पप्पा. दिवसभरात एकदाही नाही. प्रत्येकजण आपापल्या पाटीत."

मी तिच्यापुढे दूध ठेवलं. "मग? बरं वाटलं का नाही?"

तिनं विचार केला. तिची आई उत्तर देण्याआधी जेवढा वेळ घ्यायची तेवढाच वेळ तिनं घेतला.

"आज बरं वाटलं," ती म्हणाली. "उद्याचं उद्या सांगते."